रकाना

मरोळच्या गावठाणात सातची घंटा झाली की
माय पिठाच्या हातांनीच उभी राहायची.
मीही उभा, एका पायावर,
दुसऱ्यात खेळताना काच गेलेली.

ओस्ती टाळूला चिकटायची.
चावू नको, देवाला लागेल, असं सांगितलेलं.
नवव्या वर्षी चावली.
काही झालं नाही.
ते काही न झालेलं
वीस वर्षं खिशात वागवलं,
न चालणाऱ्या नाण्यासारखं.

फादर विचारायचे, रविवारी कुठे असतोस?
नाइट असते, म्हणायचो. खोटं नव्हतं.
कामाच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात
आहे लिहवेना, नाही लिहवेना.
रेघ मारायचो.

मग एका पहाटे, डायलिसिसच्या खोलीत,
चार नंबरचे कुर्डूकर, डोळे मिटलेले,
म्हणाले, आहात ना?
मी म्हटलं, आहे.
मशीन आपलं रक्त फिरवत राहिलं.
पण तो आवाज माझा नव्हता,
माझ्या तोंडून आला इतकंच.
हे मी कुणाला सांगितलं नाही.
फादरना तर नाहीच,
ते लगेच त्याला नाव देतील.

देवळात परत गेलो नाही.
माय गेली. तिची जपमाळ
मसाल्याच्या रिकाम्या बाटलीत ठेवली आहे,
झाकण उघडलं की मणी नाकाला झोंबतात.
जप निम्मा विसरलो.
तरी संध्याकाळी सातला, सीप्झच्या सिग्नलला का असेना,
मी थांबतो.
कुणी विचारलं का, ते कळत नाही नेहमी.
म्हणतो, आहे.
मागचे हॉर्न वाजवतात.