नाते : इतर

डाळ मिलमध्ये सतरा वर्षं खातं लिहिते मी.
तुरीच्या एका पोत्यामागं किती चुरी, किती टरफल, तोंडपाठ.
जे वजनात सापडत नाही त्याला आमच्यात घट म्हणतात,
आणि घटीचीही नोंद ठेवावीच लागते.

म्हणून काल रात्री मार्चअखेरची बिलं बाजूला सारून
आमच्या दोघींची घट लिहायला बसले.

प्रयागच्या मेसवर चाळीस पोरं जेवतात,
देगलूरची, गंगाखेडची, डॉक्टर व्हायला लातुरात आलेली.
तिच्या भाकरीवर सहाजण एमबीबीएसला लागली.
तिला मात्र माझ्या मिलच्या विम्यात जागा नाही.
पोळ्याच्या आठवड्यात तिचं पित्ताशय काढलं.
शेजारच्या टेबलावरच्या भुतडांची बायको
त्याच दवाखान्यातून, त्याच डॉक्टरकडून,
नुसती सही करून घरी आली.
अठ्ठेचाळीस हजार :
न झालेल्या लग्नाच्या खाती नावे.

पुढची ओळ, खाडगाव रोडचा प्लॉट.
साहेबानं चष्मा कपाळावर चढवून विचारलं,
सहकर्जदाराशी नाते?
मी म्हणले, चौदा वर्षांचं.
तसं नाही हो बाई. बहीण टाकू का?
बहीण टाकली तर कागद खोटा,
इतर टाकलं तर कर्ज अर्धं.
अर्धं घेतलं. म्हणून आमच्या घराला वरचा मजला नाही.
तिथं चार पोरं भाड्यानं राहिली असती.
सेंट्रिंगवाला, निलंग्याचा फरशीवाला युसूफभाई,
त्यांची बुडालेली मजुरीही मी वहीत धरली.
बुडाली ती काही आमची एकटीची नाही.

आणि ती गेली तर तिचा वाटा भावांचा,
जे चौदा वर्षांत उंबऱ्याला शिवले नाहीत.
मृत्युपत्राचे पाच हजार घेऊन वकील वर म्हणला,
कोर्टात गेले तर काही सांगता येत नाही बघा.

मोबाईलवर ती बातमी आली त्या दुपारी
मुंदडा शेठ चहा ओतून घेत म्हणले होते,
असल्या लग्नानं डाळ महाग होणार का स्वस्त?
सगळे हसले. मीही हसले असेन.
डाळीचा भाव दुसऱ्या दिवशी तोच होता.

"काय लिव्हायलीस इतक्या रात्री?"
"लग्न."
"कुणाचं?"
मी वही फिरवली.
वाटलं, आता हसेल. ती ओट्याला टेकली
आणि पिठाच्या बोटांनी मोजायला लागली.
मंडप नको, गच्ची पुरे.
माणूस दोनशे. दोनशे कुठून आणतीस? बरं, साठ.
मेसमधून निघालेली पोरं धरली तर नव्वद.
बुंदीला अहमदपूरचा हलवाई.
पत्रिका छापायच्याच, प्रेसवाल्याचंही पोट आहे.
मानाच्या साड्या...
तिथं ती थांबली. कुणाचा मान?
मग म्हणली, दोन्हीकडचा. धर, चौदा.
हुंडा?
एकमेकींकडं बघितलं. शून्य.
इतक्या वर्षांत असला शून्य
पहिल्यांदाच लिहिला मी.

"एवढे पैसे असते तर," ती म्हणली.
असते काय, होते.
आपल्या हातून गेलेत, पावतीशिवाय.

पाचला तिला गॅस पेटवायचा असतो. ती झोपली.
मी बेरीज पुन्हा मारली.
अकरा रुपयांचा फरक.
एकदा वरून खाली, एकदा खालून वर,
फरक जाईना.
डोळे चुरचुरायला लागले तेव्हा दिसलं,
जमेच्या बाजूला, अगदी तळाशी,
पिठाचा ठसा उमटलेल्या कोपऱ्यात,
तिच्या सातवी शिकलेल्या अक्षरात, पेन्सिलीनं :

आहेर. मुंदडा शेठ. ११ रु.