हिरवा दिवा

फ्रीसलंडात जमीन समुद्राच्या खाली,
म्हणून पंप थांबत नाहीत.
आज थांबला. पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागलं
तेव्हा वोब्बेने फोन केला, रात्री तीनला.

सित्स्केने कपाट उघडलं.
बोर्डावर हिरवा दिवा शहाण्यासारखा लुकलुकत होता.
वॉचडॉग जागा होता, उपाशीही नव्हता.
दर सेकंदाला कुणी तुकडा टाकत होतं,
तो शेपूट हलवत होता,
आणि आत घरधनी कधीचा
एका सेन्सरच्या उत्तराची वाट बघत थिजलेला.

कोड तिचाच, अकरा वर्षांपूर्वीचा.
तुकडा टाकायचं काम तिने टायमरला दिलं होतं,
ज्याला घरातलं काहीच ठाऊक नसतं.

ती ओळ उचलून तिने फेऱ्याच्या शेवटी ठेवली:
पाणी मोजून झाल्यावर, झडप पाहिल्यावर, मगच.
मुद्दाम सेन्सरची वायर उपटली.
कुत्रा भुंकला.
सगळं अंधारलं. तिने वायर परत खोचली.
पंप खोकत उठला.

सहाला गाडीत वडलांचा मेसेज: बरंय.
रोज सहाला. रोज तेवढंच.
तिने बांधावर गाडी थांबवली, फोन लावला.
काल काय जेवलात?

बराच वेळ नुसता श्वास.