निव्वळ वजन

चोपड्याहून यावलकडे निघालं की डाव्या हाताला
उत्तमशेठचा वजनकाटा.
चौदा वर्षं मी तिथे खिडकीत बसते.
केळीचा ट्रक चढतो, आकडे लाल होतात,
भरल्या वजनातून रिकामं वजन वजा,
उरतं ते निव्वळ. पावती फाडायची. पुढचा.

चंदीगडच्या जसमेरने एकदा सुट्ट्या पैशांऐवजी
खिडकीत शेंग ठेवली.
चपटी, गोल, लाकडी, कासवाच्या पिल्लाची पाठ जशी.
हलवली तर आत कुणीतरी कागद चाळत होतं.
अख्खी सडक रंगते म्हणाला,
आणि कुठला रंग ते सांगता येईना म्हणून
सातपुड्याकडे बोट केलं. दिवस मावळत होता.

बिया कपात रात्रभर भिजवल्या,
पंखांच्या, फुंकरीने उडतील अशा.
तेलाच्या डब्यात पोयटा, शेणखत चिमूटभर.
सतराव्या दिवशी दोन उगवल्या.
एक कोंबडीने खाल्ली.

दुसरीचं ऐका.
पहिला मे महिना, पत्र्यावर पापड भाजेल असं ऊन.
चारी बाजूंनी केळीची पानं बांधली,
खोडाला ओलं पोतं,
कुणाच्या बागेतून काढून टाकलेली ठिबकची नळी
टाकीपासून ओढून आणली.
पावत्या फाडताना एक कान त्या थेंबाकडे.
पौषात पारा सातवर उतरला तो आठवडा
माझं स्वेटर त्याच्या अंगावर.

पाचव्या वर्षी खोलीच्या पत्र्यावर गेलं.
पानं लाजाळूच्या थोरल्या बहिणीची.
फूल नाही.
सहाव्या वर्षी नाही. सातव्या नाही.
"हाई झाड काय देस वं ताई?" हिलालभाऊ विचारायचे,
ज्यांची केळ अकरा-बारा महिन्यांत घड टाकते.
मी युरिया घातला, गूळपाणी घातलं,
भांड्यांचं विसळलेलं पाणीसुद्धा तिकडेच.
ते नुसते फुटवे काढत गेलं,
छडीसारखे सरळ, गुबगुबीत, बिनकामाचे.

कारखान्याच्या कॉलनीत पूर्वी बाग राखणारे लोटनबाबा
भंगाराच्या ट्रॅक्टरवर बसून आले.
पावती हातात, नजर वर.
"पानी तोड आते. थोडी तीस लागू दे त्याले."
केळीच्या मुलखात असं कुणी बोलत नाही.

दिवाळी झाल्यावर नळीला गाठ मारली.
खुर्ची फिरवून झाडाकडे पाठ करून बसले.
पौष. माघ.
पानं पिवळी पडली, गळाली,
फाल्गुनात नुसता सांगाडा.
हिलालभाऊ म्हणाले, चला, सरपणाला तरी झालं.
दोनदा रात्री गाठ सोडायला गेले.
एकदा सोडलीही, पाच मिनिटं.
लोटनबाबांना सांगू नका.

चैत्रातला मंगळवार. पहिला ट्रक यायचा होता.
एक पान नव्हतं,
आणि संध्याकाळचा सातपुडा
सकाळी सहाला फांद्यांवर.

नीलमोहर गळायला लागला तो थांबेना.
काट्याचा अख्खा लोखंडी पाट झाकला गेला.
मी झाडू भिंतीला टेकवला,
आत गेले, बटण दाबलं.
शून्य.
दहा किलोच्या खालचं त्याला दिसत नाही
हे मला ठाऊक आहे. तरी दाबलं.

जसमेर पुन्हा आला नाही.
मार्ग बदलला असेल, किंवा मालक.
जळगावचा मिस्त्री मात्र दर वर्षी येतो,
पाटाखाली बॅटरी मारतो,
फुलं कुजून चिखल झालाय म्हणतो,
काटा खोटं बोलायला लागेल, झाड काढा.
उत्तमशेठ माझ्याकडे बघतात. मी पावत्यांकडे.

म्हणून एप्रिलभर, शेवटचा ट्रक उतरला
की मी ओणवी होते,
पाट आणि सिमेंटच्या फटीत
कोपरापर्यंत हात घालते.
चिकट, तपकिरी, मधासारखा आंबूस वास.
मूठ मूठ काढून बुंध्याशी टाकते.
एक बांगडी आत पडलीय.
ती मिस्त्री आला की.