वाजवून घेताना

ओबदुलिया मावशीला ऐकू येईना झालं
तेव्हापासून बाजारात तिचे कान मी.
दर रविवारी त्लाकोलुलाला,
क्रेसेंसियाच्या गोणपाटावर लाल मातीचे कोमाल
एकाला एक टेकून उभे, मध्ये वाळल्या गवताच्या पेंढ्या.
कोमाल म्हणजे आमचा तवा.
आकार परातीएवढा,
जीव अंड्याच्या कवचाएवढा.

मावशी एकेक उचलायची, उन्हाकडे तिरपा धरायची,
काठावरून अंगठा फिरवायची: खळगा कुठे, खडा कुठे.
भाजताना जाळ चाटून गेला तिथे काळा ढग उमटतो,
त्यावर थुंकीचं बोट लावून
ओल किती पटकन पितोय ते बघायची.
मग माझ्याकडे सरकवायची.
मी बोटाच्या पेरानं टकटक करायचे.
"कसा वाजतोय?"
"चांगला."
"चांगला म्हणजे कसा?"

आता हे कसं सांगायचं?
समोर जर्मनची पातेली विकणारा
झाकणावर झाकण आपटून गिऱ्हाईक बोलावतोय,
पाय बांधलेल्या टर्की केकाटतायत,
आणि मी अकरा वर्षांची.
पलीकडच्या गाडीवर निवडुंगाच्या फळाचा
लालभडक बर्फ संपत आलेला.
म्हटलं, देवळातल्या घंटेसारखा.
तिने पदराची गाठ सोडली.

चुना रात्रभर भिजत होता.
वरची निवळी मका शिजवायला,
खालचा साका कोमालला.
कणसाच्या सालीच्या बोळ्यानं तिने तो फासला,
तीन दगडांवर कोमाल ठेवला
आणि लाकूड इंचाइंचानं आत सारलं.
नव्या भांड्याला एकदम जाळ दाखवू नये, म्हणाली,
बुजतं.

पहिली तोर्तिया सुटली.
दुसरी टम्म फुगली.
तिसरी उलटताना
टच्च.
वाळकी काडी मोडावी, एवढाच आवाज.
मला आला. तिला नाही.
ती पाट्यापाशी पाठमोरी, पुढचा गोळा मळत,
आणि इकडे काठापासून मध्यापर्यंत
पांढऱ्या चुन्यात एक काळा केस
लांब लांब होत चाललेला.

मी गप्प.
चौथी टाकायला ती वळली
आणि तिचा हात वाफेतच थांबला.

ओरडली असती तर बरं झालं असतं.
तिने विस्तव ओढला, कोमाल निवू दिला
(गरम मातीवर पाणी मारायचं नाही, कितीही घाई असो),
झाडूच्या केरसुणीनं चुन्याची पूड झाडली,
मग माझी मूठ धरून त्यावर टेकवली.
वाजव.
बद्द.
ओल्या लाकडासारखा, तोंडात घास असताना दिलेल्या उत्तरासारखा.
पुन्हा वाजव, म्हणाली. पुन्हा.
जेवण होईपर्यंत मी तेच करत होते.
जेवण म्हणजे त्या तीन तोर्तिया, तिघांत.

फिदेन्सियोदादाने लॉस एंजेलिसहून पाठवलेला
काळा गुळगुळीत तवा होता घरात, त्याला काही चिकटत नाही म्हणे.
आठवडाभर त्यावर भागवलं.
तोर्तिया सुटायच्या, पण फुगायच्या नाहीत,
मावशी त्यांना दमेकरी म्हणायची.
पुढे त्याचा काळा पापुद्रा निघाला
आणि तो कोंबड्यांच्या पाण्याला गेला.

फुटका कोमाल अजून आहे.
मोठ्या तुकड्यावर मिरच्या भाजतो,
मिरच्यांना काय, नुसती धग लागते.

पुढच्या रविवारी मी चौदा कोमाल वाजवले.
क्रेसेंसिया वैतागली, म्हणाली,
पोरी, तवा नेतेयस की नवरा?
जर्मनवाल्याची झाकणं चालूच होती.
त्या गोंगाटात मी खाली बसले, कान काठाला लावला,
आणि अकराव्याकडे परत आले.

मावशीने काही विचारलं नाही.
माझ्या तोंडाकडे बघत
ती गाठ सोडू लागली होती.