उणे चार

किणीकर साहेबांना सिलिकॉन हवंय.
सहा वर्षांचं, फक्त सिलिकॉन.
पुण्याच्या पार्टीनं परत धाडलेल्या
बत्तीस हाउसिंगांच्या चिरा
कुठल्या भट्टीत सुरू झाल्या
ते त्यांना आकड्यांत बघायचंय,
शनिवारच्या आत.

लॅबच्या जुन्या कॉम्प्युटरात एक टेक्स्ट फाईल,
साठ हजार ओळी.
तारीख, वेळ, हीट नंबर,
कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, फॉस्फरस, गंधक.
मध्ये नुसत्या मोकळ्या जागा.
रेघ नाही, स्वल्पविराम नाही.
खाली शेकआउट सुरू झालं की
अख्ख्या उद्यमनगराला हुडहुडी भरते
आणि माझं पेन टेबलाच्या कडेकडं चालू लागतं.

तीन ओळींची स्क्रिप्ट लिहिली.
ओळ उचल, मोकळ्या जागेवर तोड,
चौथा तुकडा दे.
चौथा म्हणजे पाचवा, कारण इथं मोजणी शून्यापासून.
घरी हे सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले,
मग तुझा पगारपण शून्य तारखेला होतो काय?

रकाना उतरू लागला.

२.४१
२.३८
२.४४
गेली
२.४०
घेतला
२.३९
झाली

काय गेली? काय झाली?
सिलिकॉनला मराठी कधीपासून यायला लागलं?

मागं जाऊन ओळी बघितल्या. रात्रपाळीचा बाळगोंडा.
हीट नंबरच्या चौकटीत, नंबराच्या पुढं,
इंग्रजी अक्षरांत, एका बोटानं
मनात येईल ते टाकायचा.
२१७ लाईट गेली
०४४ पुन्हा घेतला
११८ पोरगी झाली
मध्ये दोन शब्द घुसले की पुढचे सगळे आकडे
दोन घरं उजवीकडं सरकायचे,
पंगतीत उशिरा आलेल्या पाव्हण्याला
मांडी आवरून जागा द्यावी तसे.

साहेब म्हणाले, असल्या ओळी टाकून दे. किती आहेत?
चारशे सहा.
मग काय, साठ हजारांत चिल्लर.
पण परत आलेल्यांतली नऊ हाउसिंगं रात्रपाळीची,
आणि खरं सांगायचं तर
मला ०९१ च्या पुढं काय लिहिलंय ते वाचायचं होतं.
(रस्सा खारट.)

मग शेवटून मोजलं.
गंधक उणे एक,
फॉस्फरस उणे दोन,
मँगनीज उणे तीन,
सिलिकॉन उणे चार.
डावीकडं त्याला काय बडबडायचंय ते बडबडू दे,
उजवीकडं आकडे
भिंतीला पाठ टेकून बसलेत, हलत नाहीत.
उण्यातसुद्धा एवढा भरवसा असतो
हे मला गणितात कुणी सांगितलं नव्हतं.

ओळी भराभरा पळाल्या.
३०२ पुलावर पाणी आलं.
त्याच्या खाली अकरा दिवस ओळच नाही.
मग ३०३, सिलिकॉन २.४२,
जणू मध्ये काही झालंच नाही.
११८ ची पोरगी आता पहिलीत असेल.
तिच्या वेळचं सिलिकॉन २.३७. चांगलं होतं.

अठ्ठेचाळीस हजार दोनशे नऊ ओळींवर
स्क्रिप्ट थांबली. लाल अक्षरं.
शेवटून चार मोजायचे
आणि ओळीत तुकडे तीनच.
तारीख.
पहाटेचे पाच पन्नास.
आणि नंबराच्या जागी, नंबर न टाकता,
नमुना न जाळता:

येतो

खालच्या ओळी चाळल्या. नंतर एकही शब्द नाही.
रकाने सरळ, एकाखाली एक,
शून्यापासून मोजा नाहीतर शेवटून, उत्तर तेच.

ही एक ओळ ओलांडून पुढं जा,
एवढं स्क्रिप्टला सांगायला
अजून एक ओळ लिहावी लागते.
ती लिहिलेली नाही.
उद्या शनिवार.