चौथी पाटी

सावद्याच्या स्टँडसमोर, झेरॉक्सच्या वर
लीलाधर फिरकेची ही चौथी कंपनी.

पहिली मिस्ड कॉलची:
कॉल द्या, बियाण्याची जाहिरात ऐका.
माणसं रात्री दोनलाही ऐकायची म्हणे,
कुणीतरी बोलतंय म्हणून.
दुसरी बंगळूरवाल्यांनी घेतली,
त्या पैशात वडिलांचे डोळे झाले
आणि तिसरी बुडाली.
तेव्हा तीन महिने मी बिनपगारी
क्लिक मोजत बसलो,
अर्धे खोटेच.

'भो, मानूस अंगठा थांबवतो ना,
तेवढाच आपला धंदा.
दीड सेकंद.'

आज पाटी ठोकताना शिडी मी धरलेली.
खाली केळीचा ट्रक अडकला,
ड्रायव्हर मान वर करून
नाव वाचू लागला.

लीलाधर, हातोडी तशीच हवेत,
ओठांत मोजत.