गोफणगुंडे

आपण भूशिर म्हणतो.
वेल्समधल्या त्या किनाऱ्यावरची माणसं नुसतं नाक म्हणतात.
त्रुइन.
वाऱ्यात पुढं काढलेलं, बारा महिने गळणारं,
दर हिवाळ्यात थोडं झडणारं.

इड्वलच्या आजोबांनी तारेचं कुंपण घातलं तेव्हा
पलीकडे अकरा मेंढ्यांपुरतं गवत सुटलं होतं.
वडिलांनी कुंपण मागे घेतलं.
इड्वलनं दोनदा.
खांब तेच, भोकं नवी.
जुनी भोकं आता हवेत आहेत.
विचारलं तर तो बोट करून दाखवतो,
तो पक्षी तरंगतोय ना, त्याच्या हातभर खाली
आमचं फाटक होतं.

आतला तट त्याच्या लग्नाच्या साली गेला,
फेब्रुवारीत, एका रात्रीत.
आई सकाळी चहाचा पेला घेऊन दारात आली
आणि म्हणाली, आज उजेड जास्त आहे.

उरला तो बाहेरचा.
दोन हजारांवर वर्षं झालेला मातीचा उंचवटा,
जमिनीकडे तोंड करून बसलेला,
कारण भ्यायचं ते तिकडून येणाऱ्यांना.
पाठीमागे पाणी होतं, पाठीची काळजी नव्हती.
आता त्याच्याच माथ्यावरून इड्वलची तार जाते
आणि ती समुद्राकडे बघते.

मेरेरिद दोराला लटकून कड्याचं चित्र काढते.
दात आणि पेन्सिल, दोन्ही वाजतात.
एक झोपडी तिला उभी चिरलेली दिसते, कलिंगडासारखी.
काजळाची रेघ, भाजलेली लाल माती,
अर्धी चूल.
उरलेल्या अर्ध्या चुलीवर खाली खेकडे फिरतात.

आणि तटाच्या दाराशी एक खड्डा, गोट्यांनी भरलेला.
कोंबडीच्या अंड्याएवढे, सगळे एका मापाचे.
खालच्या पुळणीवरून कुणी कुणी वेचून आणलेले,
हा नको, हा जड, हा चपटा, हा घे,
आणि गोफणीसाठी हाताशी रचून ठेवलेले.
तिनं मोजले. तीनशे बारा, दिसतात तेवढे.
एकही उडालेला नाही.

कुणी आलंच नाही का?
की आले ते रस्ता चुकलेले, ओले,
आणि रात्री त्याच चुलीशी शेकत बसले?
की भीती हळूहळू म्हातारी झाली,
पोरं खड्ड्यात उतरून खेळायला लागली,
आणि एके दिवशी कोणाच्याच लक्षात राहिलं नाही
की हे गोटे कशासाठी?
मेरेरिदच्या वहीत यासाठी रकाना नाही.

नोव्हेंबरातल्या वादळानं खड्डा सोडवून नेला.
सकाळी ती बादली घेऊन पुळणीवर उतरली
आणि तिथंच थांबली.
जिथून उचलले होते तिथंच पडलेत सगळे,
लाखभर गोट्यांत मिसळून, ओले, गोल, निमूट.
माणसाचं त्यांत होतं ते फक्त निवडणं.
तेवढंच पुसलं गेलं.

इड्वलचा नातू माक्सेन, वय वर्षं सहा,
यानं एक उचलला, हातात तोलला,
आणि समुद्राच्या तोंडावर फेकून मारला.
ती ओरडणार होती.
तोंड उघडलं, खारा वारा आत गेला, मिटलं.
पोरानं दुसरा घेतला.

वर इड्वल खांब उपटत होता.
पाच पावलं मागे, बापानं शिकवलेल्या मापानं.
तिसऱ्या भोकात पहार टणकन वाजली.
त्यानं हात घालून काढला,
अंड्याएवढा, गार, तळहातात नीट बसणारा.
खालून मेरेरिद दिसत होती, वाकलेली, बादली रिकामी.
हाक मारावी असं त्याच्या मनात आलं.
पण पाऊस यायला लागला होता आणि खांब हलत होता.
त्यानं गोटा बुडाशी घातला
आणि टाचेनं ठोकून घट्ट बसवला.